आवारातला छापखाना

आजचं वाचन: मार्क 11:15-17



हा उतारा वाचला की प्रश्न पडतोच. मग चर्चच्या आवारात पुस्तकांचं दुकान, कॅफे, लग्नासाठी भाड्याचा हॉल चालतो का? आज विल्यम कॅरींच्या आयुष्याकडे पाहू.

कॅरींचा जन्म 1761 चा, इंग्लंडमधला. जोडे शिवून पोट भरायचे आणि उपदेशही करायचे. 1793 मध्ये बंगालला आले आणि लवकरच हातातले पैसे संपले. मग माल्दा भागात निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली. पगार सुरू झाल्यावर त्यांनी मिशन सोसायटीला कळवलं, आता माझ्यासाठी पैसे पाठवू नका.

1800 मध्ये ते श्रीरामपूरला गेले. तिथे मार्शमन, वॉर्ड आणि त्यांनी मिळून हुगळीकाठी घर घेतलं. मधल्या दालनात उपासना आणि त्याच आवारात छापखाना! बायबल छापायचंच, पण बाहेरची कामंही पैसे घेऊन करायची. मार्शमन पती-पत्नी फी घेऊन निवासी शाळा चालवत. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत. 1807 नंतर पगार महिना हजार रुपये, म्हणजे त्या काळी केवढी रक्कम!

पण सगळी कमाई एकाच पेटीत जायची. घरखर्चापुरतं ठेवून बाकी मिशनला. 1805 मध्ये त्यांनी लेखी ठरवलंच, कुणी स्वतःसाठी धंदा करायचा नाही. याच छापखान्यातून त्या वर्षी कॅरींचं मराठी व्याकरण निघालं आणि 1811 मध्ये मराठी नवा करार. म्हणजे आपल्या हातातल्या मराठी बायबलची मुळं त्या आवारापर्यंत जातात.

सगळं गोडच होतं असं नाही. 1812 च्या आगीत छापखाना जळाला. पुढे मालमत्ता कुणाची, हुकूम कुणाचा यावरून इंग्लंडच्या सोसायटीशी वाद पेटला आणि 1827 मध्ये ते वेगळे झाले. हेतू शुद्ध असला, तरी पैसा आला की हिशोबाचे प्रश्न येतात.

9 जून 1834 ला कॅरी वारले. इतकं कमावलेला माणूस, पण एका मुलाला काही देता यावं म्हणून मृत्युपत्रात आपली पुस्तकं विकायला सांगून गेला.

मंदिरात येशूने चौरंग उलथले, कारण सर्व राष्ट्रांच्या प्रार्थनेच्या घरात लुबाडणूक चालली होती. श्रीरामपूरच्या धंद्याने वचन लोकांपर्यंत नेलं. म्हणून आपल्या आवारात काही सुरू करायचं असेल, तर तीन गोष्टी विचारू या. नफा कुणाकडे जातो? हिशोब सगळ्यांना दिसतो का? खिशात काही नसलेला माणूस इथे निवांत प्रार्थना करू शकतो का? तिन्हींची उत्तरं मोकळेपणाने देता येत नसतील, तर शटर न उघडलेलंच बरं.

प्रार्थना: प्रभू, आमचे हात कामाला लाव आणि आमची पेटी तुझ्या नजरेसमोर उघडी ठेव. आमेन.