अफूत नेमकं काय दडलंय, हे शोधायला त्यानं स्वतःच विषाची परीक्षा घेतली!

ऑपरेशननंतर दिलं जाणारं मॉर्फिनचं इंजेक्शन असो किंवा कॅन्सरच्या पेशंटला मिळणारी मॉर्फिनची गोळी, डॉक्टर डोस मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. पण २०० वर्षांपूर्वी असं मोजणं शक्यच नव्हतं. तेव्हा वेदनेवर एकच हुकमी औषध होतं, अफू. आणि अफूचा काही भरवसा नव्हता.

एका पिकात दम असायचा, दुसऱ्यात नसायचा. त्यात व्यापारी भेसळ करायचे ती वेगळीच. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या गोळीनं एकाला झोप लागायची, दुसऱ्याचं दुखणं तसंच राहायचं आणि तिसरा कायमचा झोपायचा. डॉक्टरच्या हातात अंदाज सोडला तर काहीच नव्हतं.

हा अंदाजाचा खेळ मोडून काढला जर्मनीतल्या एका कंपाउंडरनं. त्याचं नाव फ्रेडरिक सर्ट्युर्नर.

त्याचा जन्म १९ जून १७८३ चा, पाडरबोर्नजवळच्या नॉयहाउस गावातला. वडील लवकर गेले. कॉलेजची पायरी चढणं दूरच, १६ व्या वर्षी पोरगा पाडरबोर्नच्या एका औषधाच्या दुकानात उमेदवारी करायला लागला. काढे उकळायचे, पुड्या बांधायच्या, खल कुटायचा, हे त्याचं काम. पण अफूचा हा बेभरवशी कारभार काही त्याच्या डोक्यातून जाईना. त्याला वाटत होतं की अफूत झोप आणणारा एक ठरावीक पदार्थ असणार. तो वेगळा काढला, तर मोजूनही देता येईल.

मग दुकानातलं काम संपलं की त्याचे प्रयोग सुरू व्हायचे.

त्यानं अफू पाण्यात उकळली आणि त्या पाण्यात अमोनिया टाकला. अमोनिया म्हणजे अल्कली, आम्लाच्या बरोबर उलट स्वभावाचा. भांड्याच्या तळाशी स्फटिक जमा झाले. ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नव्हते. पण पातळ केलेलं आम्ल टाकलं की लगेच विरघळायचे. पुन्हा अमोनिया टाकला की पुन्हा तळाशी. प्रत्येक फेरीत कचरा मागे राहायचा आणि स्फटिक आणखी शुद्ध व्हायचे. शेवटी ते अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यानं स्वच्छ करून घेतले.

आता यात एवढं विशेष काय?

हळदीचा डाग साबणानं लाल होतो, हे आपण घरी बघतो. साबण अल्कली आहे म्हणून हळद रंग बदलते. लिटमस तेच काम निळ्या आणि लाल रंगात करतं. सर्ट्युर्नरच्या स्फटिकांनी आम्लानं लाल झालेलं लिटमस परत निळं केलं. म्हणजे हा पदार्थ अल्कलीसारखा वागत होता. आणि त्या काळच्या रसायनशास्त्राला हे झेपणारं नव्हतं. लिंबातलं सायट्रिक आम्ल, सफरचंदातलं मॅलिक आम्ल असे वनस्पतीतले बरेच पदार्थ तोवर सापडले होते, पण ते आम्लच निघाले होते. झाडातून अल्कली निघते, हे कोणी मानायलाच तयार नव्हतं.

यामागचं कारण आज आपल्याला माहिती आहे. या रेणूत नायट्रोजनचा एक अणू असतो. आम्लातला हायड्रोजन तो स्वतःकडे ओढून घेतो, रेणूवर विद्युतभार येतो, क्षार तयार होतो आणि क्षार पाण्यात विरघळतो. अल्कली टाकली की तो हायड्रोजन सुटतो आणि पदार्थ परत तळाशी बसतो. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला अनोळखी पदार्थ आधी पाण्यात, मग सोड्यात, मग आम्लात विरघळतो का ते बघायला लावतात, त्याच्या मागे हेच तत्त्व आहे.

सर्ट्युर्नरनं कुत्र्यांवर प्रयोग केले, १८०५-०६ च्या सुमारास निष्कर्षही छापले. पण एका कंपाउंडरचं कोण मनावर घेणार? कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

मग त्यानं टोकाचं पाऊल उचललं.

स्वतः आणि सतरा वर्षांच्या आतबाहेरची तीन पोरं, अशा चौघांनी ते औषध घेतलं. प्रत्येकी सुमारे ३० मिलिग्रॅम. अर्ध्या तासानं पुन्हा तेवढंच. पंधरा मिनिटांनी तिसऱ्यांदा. पाऊण तासात जवळपास १०० मिलिग्रॅम! चेहरे लाल झाले, मळमळायला लागलं, डोळे मिटायला लागले. प्रकरण हाताबाहेर चाललंय हे कळल्यावर त्यानं कडक व्हिनेगर पिऊन आणि पाजून उलट्या काढल्या. चौघंही वाचले. आज असा प्रयोग केला तर थेट तुरुंगात जावं लागेल, आणि ते बरोबरच आहे. पण औषध काम करतं आणि किती मात्रेला धोका सुरू होतो, हे त्याला कळलं.

१८१७ साली त्यानं हे सगळं पुन्हा छापलं. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून, म्हणजे मॉर्फियसवरून, पदार्थाचं नाव ठेवलं मॉर्फियम. पॅरिसच्या गे-लुसाकच्या नजरेत तो लेख आला, त्यानं तो फ्रेंचमध्ये आणला आणि नाव झालं मॉर्फिन. त्याच वर्षी येना विद्यापीठानं कॉलेज न पाहिलेल्या या माणसाला डॉक्टरेट दिली.

मग लाइनच लागली. १८१८ ला स्ट्रिकनीन, १८२० ला मलेरियावरचं क्विनीन. वनस्पतीतल्या या अल्कलीसारख्या पदार्थांना नाव मिळालं अल्कलॉइड.

सर्ट्युर्नरच्या वाट्याला मात्र सुख कमीच आलं. नेपोलियनच्या काळात आइनबेकमध्ये उघडलेलं दुकान राजवट बदलल्यावर हातचं गेलं. शोध आमचाच, म्हणणारे फ्रान्समध्ये उभे राहिले. १८३१ साली फ्रान्सच्याच इन्स्टिट्यूटनं त्याला २००० फ्रँकचं बक्षीस दिलं, तेव्हा कुठे तो वाद मिटला. २० फेब्रुवारी १८४१ रोजी हामेल्न गावात तो गेला.

मॉर्फिननं पुढे लाखो लोकांच्या वेदना थांबवल्या, तसं अनेकांना व्यसनातही ढकललं. शुद्ध केल्यामुळे औषधाची ताकद वाढली, तशी विषाचीही वाढली. फक्त आता दोन्ही मोजता येत होत्या.