बल्बच्या काचेपासून कोळशाच्या छिद्रांपर्यंत: आयर्विंग लँगम्युअर

तुमच्या वॉटर प्युरिफायरमध्ये एक काळं कार्ट्रिज असतं, बघितलंय ना? त्यात असतो अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे असंख्य सूक्ष्म छिद्रं असलेला कोळसा. चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅम कार्बनचा पृष्ठभाग १००० चौरस मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे जवळपास दहा गुंठे! पण छिद्रांत टेप घालता येत नाही, मग हा आकडा येतो कुठून? मी सॉफ्टवेअरवाला, रसायनशास्त्र बारावीनंतर मागे पडलेलं. तरी शोधत गेलो आणि पोहोचलो एका बल्बपाशी.

आयर्विंग लँगम्युअर यांचा जन्म १८८१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाला. १९०३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी मेटलर्जीचं इंजिनिअरिंग केलं, मग जर्मनीत गॉटिंगेनला नर्न्स्ट यांच्याकडे पीएचडी. काही वर्षं शिकवल्यावर १९०९ मध्ये ते जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टेडी इथल्या प्रयोगशाळेत आले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

तेव्हा बल्ब आतून काळे पडायचे. आतली हवा अजून नीट काढायला हवी, असा सगळ्यांचा समज होता. लँगम्युअर यांनी दाखवलं की खरं कारण म्हणजे तापलेल्या तारेतून उडणारं टंगस्टन. उपाय उलटाच निघाला: बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरायचा. या कामात काचेला आणि धातूला चिकटून राहणारे वायूही त्यांना भेटले. पृष्ठभागावर वायू असा चिकटण्याला अधिशोषण म्हणतात.

१९१६ ते १९१८ या काळात त्यांनी त्याचं गणित मांडलं. एसटी बस डोळ्यांसमोर आणा. एका सीटवर एकच प्रवासी. काही चढतात, काही उतरतात. बाहेर गर्दी, म्हणजे वायूचा दाब, वाढली की सीटा भरत जातात आणि शेवटी बस फुल्ल. किती रेणू बसले ते कळलं आणि एका रेणूला किती जागा लागते ते माहीत असलं, की गुणाकार केला, क्षेत्रफळ मिळालं! पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चं नोबेल त्यांना मिळालं.

पण त्यांचे प्रयोग काच, अभ्रक, प्लॅटिनम अशा सपाट पृष्ठभागांवरचे. खऱ्या पदार्थांत रेणू एकमेकांवर थरही लावतात. म्हणजे मांडीवर बसायलाही परवानगी. १९३८ मध्ये ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी तसं समीकरण बनवलं, तेच बीईटी. आजही लॅबमध्ये कार्बन आधी निर्वातात तापवून साफ करतात, मग उणे १९६ अंशांना थंड करून थोडा थोडा नायट्रोजन सोडतात आणि किती चिकटला ते मोजतात. अगदी कमी दाबालाच भरपूर वायू आत गेला, तर छिद्रं २ नॅनोमीटरपेक्षा लहान. वायू काढताना आलेख वेगळ्या वाटेने परतला, तर बहुधा २ ते ५० नॅनोमीटरची मधली छिद्रं.

गोम इथेच आहे. अतिसूक्ष्म छिद्रांत थर लागत नाहीत, छिद्रच भरून जातं. त्यामुळे अशा कार्बनचा बीईटी आकडा तुलनेला उपयोगी असला, तरी तो प्रत्यक्ष क्षेत्रफळ नव्हे.

आकड्यांवर भाळू नये, हे खुद्द लँगम्युअर यांच्या आयुष्यातही दिसतं. १९५३ मध्ये त्यांनी एक गाजलेलं व्याख्यान दिलं: प्रामाणिक शास्त्रज्ञसुद्धा नसलेले परिणाम कसे 'पाहतात', यावर. आणि त्याच सुमारास कृत्रिम पावसाबद्दलचे त्यांचे स्वतःचे मोठमोठे दावे अनेक हवामानतज्ज्ञांना पटत नव्हते! १९५७ मध्ये त्यांचं निधन झालं.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या फिल्टरच्या जाहिरातीत भलंमोठं क्षेत्रफळ दिसलं, तर विचारा: कुठल्या वायूने मोजलंय, आणि छिद्रं केवढी आहेत? छिद्रं फारच बारीक असली, तर पाण्यातले मोठे रेणू आत शिरणारच नाहीत. मग दहा गुंठे असूनही काय उपयोग?