फुटबॉलगुरू जेक गेदर

अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांत एके काळी काळ्या व गोऱ्या लोकांच्या शाळा, गाडीतील बाके, इतकेच नव्हे तर खेळांची मैदानेही कायद्याने व रूढीने निरनिराळी ठेविलेली होती. त्या काळी कृष्णवर्णीय तरुणांच्या एका कॉलेजात पंचवीस वर्षे फुटबॉल शिकवून ज्यांनी मोठे नाव मिळविले, त्या अलोंझो स्मिथ ऊर्फ जेक गेदर यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

गेदर यांचा जन्म टेनेसी संस्थानातील डेटन गावी ११ एप्रिल १९०३ रोजी झाला. वडील उपदेशक होते. प्रेस्बिटेरियन मिशनने स्थापिलेल्या नॉक्सव्हिल कॉलेजातून ते १९२७ साली पदवीधर झाले. वकील व्हावे असा त्यांचा मानस होता. परंतु वडील निवर्तले व कुटुंबाचा भार अंगावर पडला, तेव्हा त्यांनी शिक्षकाची नोकरी धरिली. पुढे ओहायो येथे जाऊन १९३७ साली त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली आणि त्याच वर्षी टॅलाहासी शहरी, फ्लोरिडा संस्थानाच्या कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या शेतकी व यांत्रिक कॉलेजात ते दुय्यम शिक्षक म्हणून रुजू झाले. १९४२ साली मेंदूतील गाठींमुळे त्यांच्या जिवावर बेतले. शस्त्रक्रियेनंतर ते बरे झाले. १९४५ साली संघाचे मुख्य शिक्षकपद त्यांजकडे आले.

अमेरिकेचा फुटबॉल आपल्याकडील खेळाहून वेगळा आहे. त्यात लांबट चेंडू हाती घेऊन धावावयाचे असते, आणि समोरची फळी धावणाऱ्यास पाडू पाहते. गेदर यांनी आपल्या पुढच्या फळीतील गड्यांस एकमेकांपासून नेहमीपेक्षा दूर उभे करण्याची पद्धत बसविली. त्यांना अडविण्यास समोरचेही पांगत, मध्ये वाटा पडत, आणि चपळ गडी त्या वाटांनी निसटत. या पद्धतीवर त्यांनी १९६३ साली पुस्तकही प्रसिद्ध केले. पंचवीस हंगामांत त्यांचे संघ २०३ सामने जिंकले, ३६ हरले व ४ बरोबरीत सुटले. १९६४ साली टोकियो येथे धावण्याच्या शर्यतीत सुवर्णपदके मिळविणारे बॉब हेज हे त्यांचेच शिष्य.

गेदर यांनी शिक्षकांसाठी वर्ग चालविले, त्यांत गोरे शिक्षकही येत. अलाबामाचे बेअर ब्रायंट यांच्यासारखे नामांकित पुरुष तेथे आले. विद्या देण्याघेण्यास आडकाठी नव्हती. परंतु गेदर यांच्या शिष्यांनी गोऱ्यांच्या कॉलेजाशी सामना खेळावा, याला मात्र मोकळीक नव्हती.

१९५६ साली त्याच कॉलेजातील दोन विद्यार्थिनी बसमध्ये गोऱ्यांच्या जागी बसल्या म्हणून त्यांस अटक झाली आणि शहरातील कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला. पुढे १९६० पासून विद्यार्थी खाणावळींत धरणे धरून तुरुंगात जाऊ लागले. गेदर या चळवळीत पुढे झाले नाहीत. त्यांचा मार्ग सत्ताधाऱ्यांशी गोडीने वागून संस्थेसाठी काही मिळविण्याचा होता. म्हणून कित्येक तरुणांनी त्यांस बोल लाविला. कॉलेज सरकारी पैशावर चाले, आणि तो हात आखडला तर काय होते हे पुढे दिसलेच. तेथील कायद्याची शाळा १९६८ साली बंद पडली. तरी इतके म्हटलेच पाहिजे की, शहरातील बसचे दार गेदर यांच्या गोडीने नव्हे, तर त्या मुलींच्या धैर्याने उघडले.

परंतु एक दार गेदर यांनी स्वतः ठोठावीत ठेविले होते. आपल्या मुलांनी गोऱ्यांच्या कॉलेजाशी एकदा तरी खेळावे, ही त्यांची इच्छा होती. अखेर परवानगी मिळाली, आणि २९ नोव्हेंबर १९६९ रोजी टॅम्पा शहरी, टॅम्पा विद्यापीठाच्या संघाशी त्यांचा सामना झाला. काळे व गोरे मिळून चाळीस हजारांहून अधिक लोक एकाच मैदानात बसले होते. कोठे दंगा झाला असता, तर असे सामने पुन्हा भरविण्यास नकार देणाऱ्यांस आयतेच कारण सापडले असते. तसे काहीच घडले नाही. गेदर यांचा संघ ३४ विरुद्ध २८ गुणांनी जिंकला. तो हंगाम संपताच त्यांनी शिक्षकपद सोडिले. १८ फेब्रुवारी १९९४ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते टॅलाहासी येथे निवर्तले.

या विजयाची एक कडू बाजूही आहे. गोऱ्यांच्या श्रीमंत कॉलेजांनी दारे उघडताच उत्तम कृष्णवर्णीय गडी तिकडे जाऊ लागले, आणि ज्या कॉलेजांनी त्यांच्या वडील भावांस आश्रय दिला होता, त्यांच्या संघांस उतरती कळा लागली. ज्या भिंतीने गेदर यांस कोंडिले, तिनेच त्यांचे विद्यार्थीही त्यांजपाशी राखिले होते. हे ठाऊक असूनही त्यांनी त्या सामन्याची मागणी सोडिली नाही. आपले नुकसान झाले तरी आपल्या मुलांस मोठे अंगण मिळावे असे इच्छिणारा तो खरा गुरू. त्यांच्या सबुरीस कोणी दोष देवो. हे श्रेय मात्र त्यांजकडून कोणी काढून घेऊ नये, असे आम्हांस वाटते.