व्रतस्थ शिक्षक : स्वामी रामानंद तीर्थ

नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ स्वातंत्र्यसेनानी म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. ते मुळात शिक्षक होते, हे मात्र आपण विसरतो.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत व पुढे अंबाजोगाईला त्यांनी अध्यापन केले. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला. परंतु विद्यार्थी सोडले नाहीत. व्रतस्थ जीवन आणि अध्यापन यांची ही सांगड आपल्या ख्रिस्ती समाजालाही परिचयाची आहे.

निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलांपुढील ही भिंत राज्य बदलल्याशिवाय पडणार नव्हती. १९३८ च्या सत्याग्रहात स्वामीजींनी कारावास पत्करला. १९४७ मध्ये ते पुन्हा तुरुंगात गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले.

त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० मध्ये, त्यांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. पदवीसाठी दूरच्या शहरी जाणे न परवडणाऱ्या मुलांना गावाजवळ दार उघडले.

२२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे उपकेंद्र लातूरला आहे. ते त्यांनी पाहिले नाही. त्या नावाचे ऋण फेडायचे, तर गरिबाच्या मुलाला तेथे सन्मानाने शिकता आले पाहिजे. ती जबाबदारी आपणा सर्वांची आहे.