वॉशिंग्टन यांचे मिटलेले ओठ आणि आजचे दातांचे बाँडिंग

अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवरचे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चित्र तुम्ही पाहिले असेल. ओठ घट्ट मिटलेले, तोंडाभोवतीचा भाग किंचित फुगलेला. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ मध्ये काढलेल्या चित्रावरून ते घेतले आहे, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टन यांचा शेवटचा दात काढावा लागला. पुढच्या दाताचा टवका उडाला म्हणून किंवा दोन दातांत फट आहे म्हणून तुम्ही कॉम्पोझिट बाँडिंगचा विचार करत असाल, तर या माणसाच्या दातांची कहाणी तुमच्या उपयोगाची आहे.

वॉशिंग्टन यांचा जन्म १७३२ चा, व्हर्जिनियातला. वयाच्या २४ व्या वर्षी त्यांनी एका डॉक्टरला ५ शिलिंग देऊन किडका दात काढून घेतला. ते निष्काळजी होते असे मात्र समजू नका. दातांचे ब्रश आणि मंजन ते नियमित मागवत. तरीही एकेक दात जात राहिला. त्या काळी दात वाचवण्याचे उपाय फार थोडे होते. दुखला की काढायचा. शिवाय बऱ्याच आजारांवर पाऱ्याची औषधे दिली जात. पाऱ्याने हिरड्या सुजतात, दात हलू लागतात. वॉशिंग्टन यांच्या बाबतीत तेही एक कारण असावे असे म्हणतात, आणि डॉक्टर म्हणून मला ते पटते.

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवूड या दंतवैद्याने त्यांच्यासाठी पाणघोड्याच्या सुळ्यातून कवळी कोरली आणि त्या एका दातासाठी तिच्यात भोक ठेवले. (त्यांची कवळी लाकडी होती ही अगदी शब्दशः दंतकथा आहे.) माउंट व्हर्नन या त्यांच्या घरी जपलेली एक कवळी तर शिशाच्या पट्ट्यावर माणसांचे आणि जनावरांचे दात बसवून केलेली आहे. वरची आणि खालची कवळी स्प्रिंगने जोडलेली असे. तोंड मिटून ठेवायलाच जोर लावावा लागे, मग हसणे दूरच. या कहाणीची काळी बाजूही सांगायला हवी. १७८४ च्या त्यांच्या हिशेबाच्या वहीत गुलाम कृष्णवर्णीयांना ९ दातांबद्दल पैसे दिल्याची नोंद आहे.

१७९८ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, ते ग्रीनवूडला पत्रे लिहीत होते. तक्रार दिसण्याची होती: कवळीमुळे ओठ पुढे येतात, चेहरा सुजल्यासारखा वाटतो. दुरुस्तीला आलेली कवळी ग्रीनवूडने पाहिली तर ती काळी पडली होती. पोर्ट वाइनमुळे हे झाले, असे त्याने कळवले. जेवणानंतर कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवा किंवा ब्रशने आणि बारीक खडूने घासा, असा सल्लाही दिला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला वाचून मला आमचे चहाबाज पेशंट आठवतात.

कारण कॉम्पोझिटवरही डाग पडतात. चहा, कॉफी, हळदीचा रस्सा, तंबाखू, रेड वाइन या सगळ्यांचे. आणि दात पांढरे करण्याच्या औषधाने कॉम्पोझिटचा रंग बदलत नाही. त्यामुळे ब्लीचिंग करायचे असेल तर ते आधी करा, साधारण दोन आठवडे थांबा आणि मग उजळलेल्या दाताच्या रंगाला जुळणारे बाँडिंग करून घ्या.

वॉशिंग्टन यांच्या दंतवैद्यांजवळ दाताला काही चिकटवण्याची युक्तीच नव्हती. ती १९५५ मध्ये आली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मायकल बुओनोकोर यांनी दाखवले की फॉस्फोरिक आम्लाने दाताचे वरचे कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, किंचित खरवडले तर त्यावर रेझिन घट्ट धरते. आजही हेच करतात: आम्ल लावून धुतात, चिकटद्रव्य लावतात, दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट थरांनी बसवतात, निळ्या प्रकाशाने कडक करतात आणि घासून चकचकीत करतात. बहुतेकदा एकाच बैठकीत काम होते आणि भूलही लागत नाही.

पण चिकटायला निरोगी इनॅमल हवे आणि दात हिरडीत पक्का हवा. ब्रश करताना रक्त येत असेल, दात हलत असेल किंवा आत कीड असेल, तर आधी त्यावर उपचार करून घ्या. नुसता पुढचा भाग सजवून खालचा आजार थांबत नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तर तेही दंतवैद्याला सांगा, नाहीतर कडा पुन्हा तुटतील. नखे कुरतडणे आणि दातांनी बाटलीचे झाकण उघडणे बंद. एवढे सांभाळूनही काही वर्षांनी बाँडिंगची डागडुजी लागते; तो खर्च आधीच विचारून घ्या.

मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट. साखर ताब्यात नसली की हिरड्यांचा आजार वाढतो, आणि हिरड्यांचा आजार असला की साखर आटोक्यात आणणे अवघड जाते. दंतवैद्याकडे जाताना तुमचा शेवटचा एचबीए१सी रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत न्या.