मेढेकोटांचा सरदार

नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम १०६६ मध्ये इंग्लंड जिंकण्यास निघाला, तेव्हा त्याचा विश्वासू सरदार रॉजर द माँटगोमरी नॉर्मंडीचा कारभार सांभाळण्यासाठी मागे राहिला. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडला आला आणि काही वर्षांत वेल्सच्या सरहद्दीवरील श्रॉपशरची जहागीर त्याच्या पदरी पडली. मुलूख विस्तीर्ण होता; पण पश्चिमेच्या डोंगरांतून वेल्श फौजा केव्हा उतरतील, याचा नेम नव्हता.

दगडी किल्ला बांधण्याइतकी सवड रॉजरला नव्हती. गोल खंदक खणायचा, निघालेल्या मातीचे उंच टेकाड रचायचे, माथ्यावर लाकडी मनोरा उभारायचा आणि पायथ्याच्या आवाराला मेढेकोट घालायचा, ही नॉर्मन रीत त्याने अवलंबिली. सेव्हर्न नदीच्या उतारानजीक अशीच गढी उभारून त्याने तिला नॉर्मंडीतील आपल्या मूळ गावाचे, माँटगोमरीचे, नाव दिले. आज ते टेकाड ‘हेन डोमेन’, म्हणजे ‘जुने टेकाड’, म्हणून ओळखले जाते. १९६० पासून तीसहून अधिक वर्षे फिलिप बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उत्खनन केले. आवारात लाकडी इमारतींची दाटी आढळली. ऐषारामाच्या वस्तू मात्र फारशा हाती लागल्या नाहीत. सरहद्दीवरचे ते जिणे खडतरच असणार.

श्रूजबरीच्या गढीची किंमत मात्र शहरवासीयांनी मोजली. १०८६ च्या डूम्सडे नोंदींनुसार ५१ घरांची जागा गढीने गिळली आणि आणखी ५० ओसाड पडली. ४३ घरांत फ्रेंच येऊन बसले, तर ३९ करदाते रॉजरने स्वतःच स्थापिलेल्या मठास बहाल केले. तरीही उरलेल्या इंग्रजांना राजाचा कर पूर्वीइतकाच भरावा लागे. त्यांची ही तक्रार विजेत्या राजाच्याच कारकुनांनी टिपून ठेवली, हे विशेष!

रॉजरच्या घरातही स्वस्थता नव्हती. त्याची पत्नी मेबेल हिने ज्याची मालमत्ता बळकावली होती, त्यानेच तिचा शिरच्छेद केला. अखेरीस मठवासी होऊन रॉजर १०९४ मध्ये श्रूजबरीच्या मठात निवर्तला. पुढच्याच वर्षी वेल्श सैन्याने माँटगोमरीची गढी जिंकून तेथील शिबंदी कापून काढली. मुलगा ह्यू १०९८ मध्ये अँगलसीच्या किनाऱ्यावर मारला गेला. थोरल्या रॉबर्टने ११०२ मध्ये बंड करून इंग्लंडमधील सारी जहागीर गमावली. १२२३ मध्ये तिसऱ्या हेन्रीने जवळच्या कड्यावर दगडी किल्ला बांधावयास घेतला आणि माँटगोमरी हे नाव तिकडे गेले.