विश्लेषण : हेलसिंकीत खाशाबांचा अर्धा तास कोणी मोजलाच नाही!

पैलवान खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. अकोल्यापासून कोल्हापूरपर्यंत त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि १९५२ च्या कांस्यपदकाची आठवण काढली जाते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण त्या पदकाचा रंग ठरला त्या दिवशी नियमपुस्तिकेतील वेळेची एक साधी ओळ पाळली गेली नव्हती. ती कोणती आणि का पाळली गेली नाही?

मातीतली वेळ आणि मॅटवरची वेळ यात फरक काय?

वऱ्हाडातील आमदंगल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. फारच लांबली तर पंच बरोबरीत सोडवतात. घड्याळ असलेच तर पंचाच्या मनगटावर, आणि ते पाहायचे की नाही हेही पंचच ठरवतात. शिवाय पैलवान सहसा दिवसात एकच तोलामोलाची जोड खेळतो. त्यामुळे दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती किती, हा प्रश्न मातीत फारसा उद्भवतच नाही.

मॅटवर सगळे उलटे. त्या काळी ऑलिम्पिकची लढत १५ मिनिटांपर्यंत चाले. एका पैलवानाला लागोपाठ अनेक लढती द्याव्या लागत. हरला की थेट घरी, अशीही पद्धत नव्हती. प्रत्येक लढतीनंतर निकालाप्रमाणे दोषगुण जमा होत आणि ते मर्यादेपलीकडे गेले की पैलवान बाहेर. म्हणजे एक लढत हरूनही पुढची लगेच समोर उभी राहू शकत होती. म्हणूनच दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता.

खाशाबा तिथवर पोहोचले कसे?

कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव, जन्म १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावंडांत खाशाबा धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. बुटके, चपळ आणि डावपेचांवर भर देणारे.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. आयुष्य लाल मातीत गेलेला हा पैलवान तिथे मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना तिथे तयार केले. आंतरराष्ट्रीय नियमांची खरी ओळख त्यांना इथेच झाली.

१९५२ ची निवड मात्र सरळ झाली नाही. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला एका गुणाने डावलले, अशी त्यांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली, खाशाबांनी निरंजन दासला हरवले आणि संघात जागा मिळवली. हा प्रसंग लक्षात ठेवायला हवा, कारण इथे दाद ऐकणारा कोणीतरी होता.

राहिला पैशांचा प्रश्न. सरकारी मदत मागणीच्या मानाने तुटपुंजी मिळाली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण ठेवणारा प्राचार्य आज शोधूनही सापडणार नाही.

हेलसिंकीत त्या दिवशी काय घडले?

खाशाबा ५७ किलोच्या बॅंटमवेट गटात होते. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना त्यांनी हरवले. आता पदकाच्या शर्यतीत तिघे उरले होते : खाशाबा, जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेयोव.

इशी यांच्याशी झालेली कुस्ती दमछाक करणारी ठरली आणि ती खाशाबा हरले. घाम पुसून होतो न होतो तोच त्यांना मामेदबेयोव यांच्याविरुद्ध उतरायला सांगण्यात आले. अर्धा तास झालेलाच नव्हता. नियमावर बोट ठेवून संयोजकांशी भांडायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा मॅटवर गेले आणि हरले. इशी सुवर्ण, मामेदबेयोव रौप्य, खाशाबा कांस्य. दिनांक २३ जुलै १९५२.

नियम होता, मग लागू का झाला नाही?

अकोल्याच्या वसंत देसाई क्रीडांगणावर बॉक्सिंग शिकणारी मुले तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती झोपेतही मोजू शकतील. ती विश्रांती मागावी लागत नाही. घंटा वाजली की दोघे आपापल्या कोपऱ्यात जातात, कारण ती वेळ लढतीच्या आतच बसवलेली आहे. दोन लढतींमधल्या विश्रांतीचे तसे नसते. तिची घंटा नाही, ती मोजणारा पंचही नाही. वेळापत्रक आखणाऱ्या टेबलावर कागदांचा ढीग असतो आणि पुढची जोड लवकर संपवायची घाई असते. तिथे जाऊन वेळेची नोंद दाखवायची, पुढची लढत थांबवायला लावायची, हे काम संघ व्यवस्थापकाचे. लढणाऱ्याला ते जमत नाही, त्याचा श्वासच अजून खाली बसलेला नसतो.

गेमिंगची आवड असलेल्या वाचकांना यातली मेख पटकन कळेल. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या फाशांच्या खेळात सध्याच्या नियमांनुसार लढाईची एक फेरी सहा सेकंदांची धरतात. आधी पाळी कोणाची, एका पाळीत किती हालचाली करायच्या, लढाई संपल्यावर किती विश्रांतीनंतर ताकद भरून येते, सगळे लिहिलेले असते. तरी वाद होतात. ते मिटवायला टेबलावर ‘डन्जन मास्टर’ बसलेला असतो आणि खेळाडू त्याला अडवून नियम दाखवू शकतो. हेलसिंकीत नियम होता, निकाल देणारेही होते. फक्त खाशाबांच्या बाजूने खेळ थांबवून बोलणारा माणूस नव्हता. मद्रासनंतर पतियाळाला जाता आले होते, इथे जायला वेळही नव्हता.

विश्रांती मिळाली असती तर सुवर्ण आले असते का?

तसे म्हणणे इशींवर अन्यायाचे ठरेल. ते खाशाबांशी जिंकले ते मैदानात. जपानचे कुस्तीतले ते पहिले ऑलिम्पिक सुवर्ण. प्रश्न दुसऱ्या लढतीचा आहे. पूर्ण जोर लावून झालेल्या दीर्घ कुस्तीनंतर स्नायूंतील तात्काळ वापराची ऊर्जा काही मिनिटांत बऱ्यापैकी भरून येते, पण रक्तात साचलेले लॅक्टेट ओसरायला अर्धा ते एक तास लागतो. पकड ढिली पडते, पाय उशिरा उठतो. डावपेचांवर कुस्ती मारणाऱ्या लहान चणीच्या पैलवानाला हा क्षणभराचा उशीरच महागात पडतो. अर्ध्या तासाचा नियम म्हणजे लाड नव्हे. दोन ताज्या पैलवानांची तुलना व्हावी, यासाठी तो होता. रौप्याची संधी तरी खाशाबांना बरोबरीच्या अटींवर मिळायला हवी होती, इतके नक्की म्हणता येते.

पुढे काय झाले?

गावी परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी पहिले काम केले ते कोल्हापुरात कुस्त्या भरवण्याचे. त्या मैदानात स्वतः उतरून मिळालेल्या पैशांतून त्यांनी खर्डेकरांचे घर सोडवून दिले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना पेन्शनसाठीही झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले.

भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडले. ते लिअँडर पेसचे, टेनिसमधले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० मध्ये. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी त्यांचे नाव देण्यात आले.